नंबर बंद पडला, की माणूस हरवतो

२०२० च्या मे महिन्यातली गोष्ट. नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला होता. वर्धा रोडवर पांजरी टोलनाक्याजवळ शहरातल्या काही संस्थांनी आणि नागरिकांनी मंडप घातला होता. हैदराबादकडून चालत, ट्रकच्या टपावर बसून, मिळेल त्या वाहनाने येणारे मजूर तिथे थांबत. खिचडी होती, पाणी होते, केळी होती. पायांचे हाल पाहून कोणी चपलांचे जोडही आणून ठेवले होते. मीही एक-दोन दिवस तिथे गेलो होतो. एक विशीतला मुलगा, बहुधा उत्तर प्रदेशातला, पाण्याच्या पिंपाकडे न जाता सरळ माझ्याकडे आला आणि म्हणाला, ''चाचाजी, चार्जिंग मिलेगा क्या?''

त्याला तहान नव्हती असे नाही. ओठ कोरडे पडले होते. पण आधी फोन, मग पाणी, असा त्याचा क्रम ठरलेला होता. मंडपाच्या एका खांबाला विजेचा बोर्ड लावलेला होता आणि त्यातून निघालेल्या वायरींना दहा-बारा फोन लटकत होते. त्या बोर्डाभोवती जेवणाच्या टेबलाइतकीच गर्दी होती.

त्याच संध्याकाळी घरी हा प्रसंग सांगितला, तेव्हा एक स्नेही चटकन म्हणाले, ''खायला नाही म्हणतात, आणि हातात मोबाईल बघा!'' हे वाक्य त्या दिवसांत अनेक दिवाणखान्यांत ऐकू आले. ते बोलणारी माणसे दुष्ट नव्हती. त्यांतल्या कित्येकांनी मजुरांसाठी पोळ्या लाटून पाठवल्या होत्या. तथापि त्या वाक्यात एक मोठा गैरसमज दडलेला आहे. परगावी राबणाऱ्या माणसाच्या हातातला फोन ही चैनीची वस्तू आहे असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो फोन म्हणजे त्याचे घर, त्याची पेढी, त्याचे रेशनकार्ड आणि त्याची ओळख, सारे काही एकत्र असते. संकटात या फोनने त्याला कुठे तारले आणि कुठे दगा दिला, हे समजून घेणे म्हणूनच महत्त्वाचे आहे. पुढचे संकट कोणत्या रूपात येईल ठाऊक नाही, पण त्या वेळीही हेच फोन आणि हीच माणसे असणार आहेत.

चार तासांची सूचना

२४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली आणि त्याच मध्यरात्रीपासून ती लागू झाली. प्रवासी रेल्वेगाड्या त्याआधी दोन दिवस बंद झाल्या होत्या. आपले नागपूर देशाच्या मध्यावर. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग इथून जातो आणि सुरतकडून कोलकात्याकडे जाणारा रस्ताही त्याला इथेच छेदतो. झिरो माईलचा दगड आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. त्या उन्हाळ्यात या चौरस्त्याचा वेगळाच अर्थ आपल्याला कळला. दक्षिणेतून उत्तरेकडे आणि पश्चिमेतून पूर्वेकडे घरी निघालेला देश आपल्या दारावरून पायी गेला.

किती माणसे होती? केंद्र सरकारने संसदेत सांगितलेल्या आकड्यानुसार एक कोटीहून अधिक स्थलांतरित मजूर आपापल्या राज्यांत परतले. १ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत ४,६२१ श्रमिक विशेष गाड्या धावल्या आणि त्यांतून ६३ लाखांहून अधिक लोक गेले. टाळेबंदीच्या काळात वाटेत किती मजूर दगावले, याची नोंद मात्र सरकारने ठेवलेली नव्हती. सप्टेंबर २०२० मध्ये लोकसभेत तसे उत्तर देण्यात आले.

या लोकांजवळ शिदोरी थोडी होती, पैसे त्याहून थोडे होते. अडकलेल्या मजुरांसाठी काम करणाऱ्या 'स्ट्रँडेड वर्कर्स ॲक्शन नेटवर्क' या स्वयंसेवकांच्या गटाने एप्रिलच्या मध्यात एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यांनी फोनवरून ज्या ११,१५९ मजुरांची विचारपूस केली, त्यांतल्या ९६ टक्क्यांना सरकारकडून रेशन मिळाले नव्हते आणि ८९ टक्क्यांना मालकाने टाळेबंदीतली मजुरी दिली नव्हती. हा गट उभा राहिला तोच मुळी फोनवर. कोणीतरी एकाचा नंबर दुसऱ्याला दिला, त्याने तिसऱ्याला, आणि पलीकडे विद्यार्थी, प्राध्यापक, गृहिणी असे स्वयंसेवक फोन उचलत गेले. ते ऐकून घेत, जवळची मदत शोधत आणि कधी खात्यावर थोडे पैसे टाकत.

आपल्या माणसांचे जाळे

मजुरांनी स्वतः फोनचा कसा उपयोग केला, हे पाहिले तर त्यांच्या चातुर्याचे कौतुक वाटते. ज्या टोळीत चार फोन होते, तिथे तीन बंद ठेवून एकच चालू ठेवीत, म्हणजे चार्जिंग पुरे. पुढे गेलेली टोळी मागच्यांना कळवी की अमुक नाक्यावर पोलीस अडवतात, तमुक ढाब्यावर पाणी मिळते, या पुलाखालून वाट आहे. आधारकार्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर भावाला पाठवून ठेवलेला असे. कागद हरवला, भिजला तरी त्याची प्रत गावी सुरक्षित राही. गावातला चुलता दुकानदाराकडे रोख पैसे देई, दुकानदार ते इकडच्या किराणेवाल्याला फोनवरून पाठवी आणि किराणेवाला मजुराला पीठ-तेल देई. बँकेतल्या भाषेत सांगायचे तर ही जुनी हुंडीच. साधन नवे, विश्वास जुना.

काहींनी आपल्या हालांची चित्रफीत काढून आपल्या राज्याच्या आमदारांना, मुख्यमंत्र्यांना पाठवली. अर्धवट अंधाऱ्या खोलीत बसलेले वीस-पंचवीस तरुण, त्यांतला एक पुढे होऊन हात जोडून गावाचे, जिल्ह्याचे नाव सांगतो आहे, अशा चित्रफिती तेव्हा आपण सर्वांनी पाहिल्या. कधी त्यांची दखल घेतली गेली, कधी नाही. परंतु मुंबई-दिल्लीच्या कोणाही मध्यस्थाशिवाय या माणसाने आपले गाऱ्हाणे आपल्या तोंडाने मांडले, ही गोष्ट लहान नव्हे.

या सगळ्यांत एक समान धागा होता. पलीकडे फोन घेणारा माणूस ओळखीचा होता, किंवा निदान ऐकून घेणारा होता. तो आधी ''कुठे आहेस, जेवलास का?'' असे विचारत होता. तुझा क्रमांक काय, हा प्रश्न नंतरचा.

सरकारी खिडकीचा फोन

त्याच फोनमध्ये सरकारने आपल्याही खिडक्या उघडल्या. परराज्यात जाण्यासाठी ई-पास लागे. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर अर्ज भरायचा, सोबत कागदपत्रे आणि डॉक्टरचा दाखला जोडायचा, मग वाट पाहायची. चौथी-पाचवी शिकलेल्या गवंड्याने उन्हात उभे राहून फुटक्या काचेच्या फोनवर हे कसे करावे? शेवटी झेरॉक्सवाल्याने किंवा ओळखीच्या विद्यार्थ्याने अर्ज भरून दिला, तर तो गेला.

बिहार सरकारने बाहेर अडकलेल्या आपल्या लोकांना प्रत्येकी १,००० रुपये देण्याचे ठरवले. हेतू चांगलाच होता आणि अनेकांना पैसे मिळालेही. पण त्यासाठी ॲप डाउनलोड करायचे, आधार द्यायचे, बिहारमधल्याच शाखेतले स्वतःचे खाते द्यायचे, फोनवर आलेला ओटीपी भरायचा आणि स्वतःचा फोटो काढून पाठवायचा. तो फोटो आधारवरच्या फोटोशी जुळला पाहिजे. ज्याच्याजवळ साधा बटणांचा फोन, तो पहिल्याच पायरीवर बाद. ज्याचे खाते पुण्याच्या किंवा सुरतच्या शाखेत, तोही बाद.

८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांना मालगाडीने चिरडले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे, मध्य प्रदेशात घरी जायला निघालेले ते तरुण. भुसावळला गाडी मिळेल या आशेवर ते रुळांच्या कडेने चालले होते. आपण पाससाठी अर्ज केला होता, पण उत्तर आले नाही, असे वाचलेल्यांनी सांगितले. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचे छायाचित्र आपल्या स्मरणात आहे. ते उत्तर वेळेवर आले असते तर, हा प्रश्न मात्र आपण विसरलो.

ओळखदाराची सही

मी आयुष्याची तीन तपांहून अधिक वर्षे बँकेत काढली. आमच्या उमेदीच्या काळात खाते उघडायचे तर ओळखदाराची सही लागे. त्या शाखेत ज्याचे जुने खाते आहे, अशा माणसाने फॉर्मवर सही करायची, की मी या गृहस्थाला ओळखतो. बाजारात हमाली करणाऱ्याला अडत्या ओळख देई, शिक्षकाला मुख्याध्यापक. त्या पद्धतीत अन्यायही पुष्कळ होता. ज्याला कोणी ओळखत नाही त्याला बँक नाही, असा तिचा अर्थ होता, आणि परगावाहून आलेला मजूर त्यातच मोडे. पुढे ती अट गेली, आधार आले, २०१४ मध्ये जन-धन खाती आली आणि दार उघडले. याचे स्वागतच केले पाहिजे.

तथापि ओळखदार गेला असे आपण समजतो, ते काही खरे नाही. त्याची जागा आता मोबाईल नंबरने घेतली आहे. खात्यात पैसे आले का, हे त्या नंबरवर कळते. पैसे पाठवायचे तर ओटीपी त्या नंबरवर येतो. पास, नोंदणी, तिकीट, सगळ्याला तो नंबर साक्ष देतो. फरक इतकाच, की जुना ओळखदार पैसे संपले म्हणून ओळख विसरत नसे. हा नवा ओळखदार रिचार्ज संपताच गप्प बसतो.

टाळेबंदीत नेमके हेच घडले. दुकाने बंद, हातात रोख नाही, आणि प्रीपेड रिचार्जची मुदत संपलेली. मार्चच्या अखेरीस दूरसंचार नियामकाने कंपन्यांना मुदत वाढवण्यास सांगितले. त्यानुसार कंपन्यांनी गरीब ग्राहकांची मुदत एप्रिलच्या मध्यापर्यंत वाढवली आणि १० रुपयांचा टॉकटाइम खात्यावर टाकला. हे १० रुपये हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. कित्येकांचा घरच्यांशी बोलण्याचा तो एकमेव आधार होता. पण टाळेबंदी पुढे वाढत गेली आणि मजुरांचे चालणे तर मे महिन्यात ऐन भरात आले.

आमच्या इमारतीच्या चौकीदाराचे उदाहरण सांगतो. बालाघाट जिल्ह्यातला माणूस, बायकोसह इथेच जिन्याखालच्या खोलीत राहणारा. एप्रिल ते जून २०२० असे तीन महिने सरकारने महिलांच्या जन-धन खात्यांत दरमहा ५०० रुपये जमा केले. पहिला हप्ता खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यानुसार ३ ते ९ एप्रिलदरम्यान पडला. तिचे खाते गावच्या शाखेत. त्याला जोडलेला नंबर तिच्या नवऱ्याचा जुना, रिचार्जअभावी कधीच बंद पडलेला. मिस्ड कॉल देऊन शिल्लक कळते, पण ती नोंदवलेल्या नंबरवरूनच. नंबर बदलायचा तर तिने स्वतः शाखेत यायला हवे. शाखा दीडशे किलोमीटरवर, आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर पोलीस.

मी निवृत्त अधिकारी, म्हणून ती दोघे माझ्याकडे आली. खरे सांगायचे तर माझ्या सगळ्या अनुभवाचा काडीचाही उपयोग झाला नाही. शेवटी तिच्या भावाने गावातल्या बँक मित्राला गाठले. त्याने पैसे येऊ लागले असल्याचे सांगितले आणि इकडे शहरात अंगठा लावून काढता येतील, हेही सांगितले. मग वस्तीतल्या एका केंद्रावर ती गेली. धुणीभांडी करून रेषा झिजलेला अंगठा यंत्राला पटेना. दोन दिवस परत यावे लागले. तिसऱ्या दिवशी यंत्राने तिला ओळखले आणि ५०० रुपये हातात पडले. ती मला म्हणाली, ''बाबूजी, मशीन को मेरा हाथ पसंद नहीं था.'' ती हसत होती. मला मात्र हसू आले नाही. रकमेपेक्षा मला टोचले ते हे, की तिची ओळख पटवण्याचे काम तीन दिवस चालले होते, आणि ती तर सगळा वेळ आमच्यासमोरच उभी होती.

त्या बंद पडलेल्या नंबरचे पुढे काय होते, हेही वाचकांनी लक्षात घ्यावे. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्या कोणाला देत नाहीत, त्यानंतर तो देता येतो. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर हा विषय आला होता. म्हणजे मजुराच्या खात्याचा ओळखदार उद्या एखाद्या परक्याच्या खिशात जाऊन बसू शकतो. आणि नंबर जिवंत ठेवणे स्वस्त राहिलेले नाही. २०१८ च्या अखेरीस काही मोठ्या कंपन्यांनी येणारे फोन चालू राहण्यासाठी महिन्याला ३५ रुपयांचे किमान रिचार्ज आणले. जुलै २०२४ पर्यंत अशाच एका कंपनीचा २८ दिवसांचा सर्वांत कमी दराचा पॅक १९९ रुपयांवर गेला. डिसेंबर २०२४ मध्ये नियामकाने केवळ बोलण्यासाठी आणि संदेशांसाठी वेगळे पॅक द्यायला लावले, ही चांगली गोष्ट झाली. पण नवरा-बायको आणि गावची म्हातारी आई अशा तिघांचे नंबर जिवंत ठेवणे हा मजुराच्या घरखर्चातला आता एक ठळक आकडा आहे.

आपल्याच विदर्भातले परदेशी

मजूर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उत्तर प्रदेश-बिहार येतो. पण चंद्रपूर-गडचिरोलीकडची हजारो माणसे दर हिवाळ्याच्या अखेरीस मिरची तोडायला तेलंगणात जातात. खम्मम, वरंगळकडच्या शेतांत उन्हाळ्यापर्यंत काम चालते. २०२० मध्ये ही माणसे तिथेच अडकली. त्यांत बायका पुष्कळ, आणि फोन बहुधा टोळीच्या मुकादमाकडे किंवा एखाद्या तरुण पोराकडे. घरी बोलायचे तर त्याच्या मर्जीने. कोणाची भाषा गोंडी, कोणाची झाडीबोली, आणि मदतीच्या क्रमांकावर पलीकडून तेलुगू.

त्याच मिरचीच्या शेतांतून छत्तीसगडमधल्या बिजापूरकडे चालत निघालेल्या एका टोळीतली एक लहान मुलगी घराजवळ येता येता मरण पावली. त्या वेळच्या बातम्यांनुसार टोळीत फोन एकच होता आणि त्याची बॅटरी संपलेली होती. त्यामुळे तिच्या आईवडिलांना लगेच कळवताही आले नाही. 'डिजिटल इंडिया' हे शब्द उच्चारताना ही संपलेली बॅटरी आपण आठवावी, असे मला वाटते.

लवकर उत्तर देणारे

रिकामी जागा रिकामी राहत नाही. सरकारी खिडकीवरून उत्तर येत नाही, तेव्हा दुसरे कोणी तरी उत्तर देते. १४ एप्रिल २०२० रोजी टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढल्याचे जाहीर झाले आणि त्याच दुपारी मुंबईत वांद्रे स्थानकाबाहेर मजुरांची मोठी गर्दी जमली. गाड्या सुटणार अशी वदंता पसरली होती. मजूर बाहेर पडले ते टाळेबंदीच्या मुदतीबद्दलच्या खोट्या बातम्यांनी घाबरून, असे केंद्र सरकारने पुढे संसदेत सांगितले. अफवा होत्या, हे खरेच. पण आपल्या भाषेतली, भरवशाची, रोजच्या रोज मिळणारी खरी बातमी त्या खोलीपर्यंत पोचत होती का, हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. ज्याला गाडी कधी सुटेल हे कोणीच सांगत नाही, तो सांगेल त्याचे ऐकणारच.

दुसरा तत्पर उत्तर देणारा म्हणजे सावकार. त्या काळात झटपट कर्ज देणाऱ्या ॲपचा सुळसुळाट झाला. दोन मिनिटांत पाच हजार! कागद नाही, जामीन नाही. फक्त फोनमधले सगळे नंबर पाहण्याची परवानगी द्यायची. हप्ता चुकला की त्या नंबरांवर शिवीगाळ आणि बदनामी सुरू. डिसेंबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेला अशा ॲपपासून सावध राहण्याचा जाहीर इशारा द्यावा लागला. आयुष्यभर कर्जाचे अर्ज तपासलेल्या माझ्यासारख्याला यातली क्रूर गंमत लगेच दिसते. सामान्य सावकार दागिने गहाण ठेवून घेई. या सावकाराने माणसाची नाती गहाण ठेवून घेतली. संकटात जे जाळे त्याला तारत होते, नेमके तेच.

आपल्या घरातला फोन

हा प्रश्न फक्त गरिबांचा आहे असे कोणाला वाटत असेल, तर त्यांनी फेब्रुवारी २०२२ आठवावा. २४ तारखेला रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि तिथे वैद्यकीय शिक्षण घेणारी हजारो भारतीय मुले अडकली. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत त्या आठवड्यात दिवा मालवला गेला नाही. तळघरातून मुलीचा संदेश यायचा, 'ठीक आहे, चार्जिंग कमी आहे, नंतर बोलते.' आई फोन उशाशी घेऊन बसायची. मुलांनी गट केले, याद्या केल्या, कोणत्या सीमेवर गर्दी कमी आहे ते एकमेकांना कळवले. २ मार्चला भारतीय दूतावासाने खारकीव तातडीने सोडण्याची सूचना दिली. वाहन मिळत नसेल तर पायी निघा आणि संध्याकाळी सहाच्या आत पेसोचिन, बाबाये किंवा बेझल्युदिव्का गाठा, असा तो संदेश होता. आणि आपली मुले बर्फातून चालत निघाली.

चार्जिंग वाचवणे, पुढच्यांनी मागच्यांना वाट सांगणे, घरच्यांचा जीव टांगणीला लागणे, पायी चालणे, सगळे तेच. पण 'ऑपरेशन गंगा'खाली सुमारे २२,५०० भारतीय परत आले. कारण त्या फोनच्या पलीकडे अखेर दूतावास होता, सीमेवर अधिकारी होते, विमाने होती. त्या मुलांनाही त्रास झालाच, आणि त्यांच्यासाठी जे केले गेले ते योग्यच होते. एवढेच लक्षात घ्यायचे, की त्यांच्या हातात मोबाईल पाहून ''खायला नाही म्हणतात, आणि मोबाईल बघा'' असे कोणी म्हणाले नाही.

काय बदलले, काय राहिले

२०२० नंतर काही बदलले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२१ च्या निकालात असंघटित कामगारांची राष्ट्रीय नोंदणी सुरू करण्याचे आणि 'एक देश, एक रेशनकार्ड' योजना सर्व राज्यांत लागू करण्याचे आदेश दिले. २६ ऑगस्ट २०२१ रोजी ई-श्रम पोर्टल सुरू झाले. त्यावर आज ३० कोटींहून अधिक कामगारांची नोंद आहे. रेशनची योजना जून २०२२ पर्यंत देशभर पोचली. गोंदियाचा माणूस आता सुरतेत आपले धान्य उचलू शकतो. ही कामे मोठी आहेत.

पण नोंद करणे म्हणजे मदत करणे नव्हे. ई-श्रमची नोंदणी घरबसल्या करायची तर आधारला जोडलेला चालू नंबर लागतो. केंद्रावर जाऊन अंगठ्यानेही ती करता येते, पण टाळेबंदीत, पुरात, दंगलीत केंद्र उघडे असेल का? म्हणजे पुन्हा आपण त्याच नंबरपाशी आणि त्याच झिजलेल्या अंगठ्यापाशी येतो.

मला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ खाली एखाद्या भागात निर्बंध लागू झाले, की त्या काळापुरती तिथल्या कोणाही ग्राहकाची येणारी फोनसेवा आणि संदेशसेवा बंद करता येऊ नये, असा कायमचा नियम असावा. दर वेळी नियामकाने पत्र लिहायचे आणि कंपन्यांनी औदार्य दाखवायचे, हे पुरे झाले. दुसरी, संकटातली छोटी मदत आधी द्यावी, तपासणी नंतर करावी. बँकेत आम्ही पै-पैचा हिशेब जुळवत असू, म्हणून सांगतो, पाचशे-हजार रुपये चार चुकीच्या हातांत गेल्याने सरकार बुडत नाही. चार योग्य हात रिकामे राहिल्याने मात्र माणूस बुडतो. तिसरी, प्रत्येक ॲपच्या मागे एक माणूस असावा, त्या मजुराची भाषा जाणणारा आणि फोन उचलणारा.

हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. २०२३ साली आपल्या सर्वांचे फोन एकाच वेळी मोठ्याने किंचाळले होते, ते आठवते ना? आपत्तीच्या इशाऱ्याची ती चाचणी होती. टॉवरच्या टापूतल्या असंख्य फोनांपर्यंत तो संदेश पोचला. कोणाचे नाव विचारले नाही, नोंदणी मागितली नाही, ओटीपी मागितला नाही. सरकारला नाव न विचारता माणसापर्यंत पोचता येते, हे त्या दिवशी सिद्ध झाले. मग 'पाणी कुठे आहे, गाडी केव्हा आहे, कोणत्या शाळेत झोपायची सोय आहे' हेही त्याच वाटेने का सांगता येऊ नये?

आणि आपण? रविवारी निवांत बसून हे वाचणाऱ्या घरांनी काय करावे? आपल्या इमारतीचा चौकीदार, घरी कामाला येणारी बाई, शेजारच्या बांधकामावरचे कुटुंब, यांच्या बँकखात्याला जोडलेला नंबर चालू आहे का, एवढे एकदा विचारावे. नसेल तर संकट नसतानाच, शांतपणे, शाखेत जाऊन तो बदलून आणायला त्यांना एक दिवसाची भरपगारी सुट्टी द्यावी. घरच्यांचे चार नंबर कागदावर लिहून ठेवायला सांगावे, कारण बॅटरी संपली की पाठ असलेला नंबरही अनेकांना आठवत नाही. आपल्या पुण्या-बंगळुरूतल्या मुलांनाही हेच सांगावे.

पांजरीच्या मंडपातला तो मुलगा पुढे कुठे गेला, मला ठाऊक नाही. त्याचा फोन सुरू व्हायला दहा-बारा मिनिटे लागली. तोवर तो बोर्डापाशी उकिडवा बसून होता. पडदा उजळला, तसा त्याने घाईघाईने एक नंबर लावला. पलीकडे कोणी तरी पहिल्याच घंटीला उचलला. तो एवढेच म्हणाला, ''हां अम्मा, नागपुर पहुँच गए.'' मग त्याने फोन बंद करून खिशात ठेवला आणि पाण्याच्या पिंपाकडे गेला.